देवळामागची दोन झाडे

॥ श्री ॥

नवेटोला, ता. मूल
१४ एप्रिल २०२४

चि. सौ. साधनास अनेक आशीर्वाद.

तू घालून दिलेला नियम मी आजही पाळतो आहे. फोन करत नाही, लिहितो. "फोनवर आवाज सावरता येते बाबा, अक्षर सावरता येत नाई," असे तू नऊ वर्षांपूर्वी व्यसनमुक्ती केंद्राच्या फाटकात मला म्हणाली होतीस. तेव्हापासून माझे पत्र हाती पडले की तू आधी ओळी तपासतेस, कागद नाकाजवळ नेतेस आणि मग मजकूर वाचतेस, हे मी धरूनच चालतो. या पत्राच्या ओळी सरळ आहेत. पाहून घे.

एक विनंती आहे. हसू नकोस. विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून संस्कृतात एम.ए. करण्याचे मी योजले आहे. वय सहासष्ट. श्रावणात गावापुढे पोथी वाचतो, अर्थ सांगतो. पण तो अर्थ ऐकीव आहे. मूळ ग्रंथ सलग असे माझ्या हातून कधी वाचून झाले नाहीत. ज्या वयात ते वाचायचे, त्या वयात मी पोथीच्या रुमालात बाटली गुंडाळून देवळात जात होतो. हे तुला ठाऊक आहे, तुझ्या दिवंगत आईला ठाऊक होते आणि त्या मारुतीरायाला ठाऊक आहे. उरलेले आयुष्य अध्ययनात घालवावे, तेच माझे प्रायश्चित्त व्हावे, अशी इच्छा आहे.

अर्जाला बी.ए.ची सनद जोडावी लागते. ती तुझ्या आईच्या पत्र्याच्या पेटीत आहे आणि पेटी तू वडशाला नेलीस. शोधून पाठव. मुदत जुलैअखेरपर्यंत आहे. फीची चिंता करू नकोस. यंदा मी स्वतः मोहफुले वेचली. पहाटे उठून देवळामागच्या दोन्ही झाडांखाली बसत होतो. फुले आता अंगणात वाळत आहेत. पावसाच्या तोंडावर भाव चढला की विकीन आणि फी भरीन. ज्या फुलाने मला बुडवले त्यानेच वर काढावे, अशी ईश्वराची योजना दिसते.

धनरावांना नमस्कार, दिव्यानीला आशीर्वाद.

तुझा,
वामन निकुरे


वडसा
२६ एप्रिल २०२४

बाबा, नमस्कार करते.

ओळी पाहिल्या. सरळ आहेत. वरचा 'श्री' थोडा कलला, पण तो माझ्या लहानपणापासून तसाच आहे.

नाटकांचा सीझन सरला. दिवाळीपासून होळीपर्यंत राजाचे अंगरखे अन् राणीचे शालू शिवून बोटाची सालं गेली. आता मंडळाचे लोक हिशेब करून गावाले गेले, मशीन थंड आहे. यायनं बाजाच्या पेटीचे भाते दुरुस्तीले काढले आहेत. दिव्यानीले तुमचं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणते, "आबाजी कॉलेजात जाईन त त्यायची रॅगिंग कोण करन?" मी म्हटलं, पोरी, त्यायनं साऱ्या गावाची केली आहे.

सनद सापडली. आईच्या हिरव्या लुगड्याखाली प्लास्टिकच्या पिशवीत होती. त्याच पिशवीत माझी बी.एस्सी. पहिल्या वर्षाची गुणपत्रिका होती. आईनं दोन्ही सोबतच ठेवले. एक पुरं झालेलं शिक्षण, एक अर्धं राह्यलेलं.

एक गोष्ट विचारते, अन् तुमी पोथीतला दृष्टांत न देता उत्तर द्या. देवळामागची दोन झाडं म्हणता, ती आपली कधीपासून झाली? मी घरी होती तवा आपली झाडं नाल्यापल्याड होती. देवळामागची कोणाची होती?

एवढं लिहून पाठवा. सनद माझ्यापाशी जपून आहे.

तुमची,
साधना


॥ श्री ॥

नवेटोला
७ मे २०२४

चि. सौ. साधनास आशीर्वाद.

प्रश्न तू विचारलास, पण उत्तर तुला माहीत आहे. तरी लिहितो.

आपल्या गावात मोहाच्या झाडावर कोणाचे नाव कोरलेले नसते. कोणत्या झाडाखाली कोणी वेचायचे, हे वाडवडिलांनी ठरवलेले असते आणि ते सातबाऱ्याहून पक्के असते. देवळामागची दोन्ही झाडे इसरू मडावीच्या घराण्याकडे होती. २००२ साली तू आणि तुझ्या आईने वेचून वाळवलेली सहा पोती मोहफुले आपल्या पडवीतून गेली. ती विकून तुझ्या दुसऱ्या वर्षाची फी भरायची होती. त्या आठवड्यात इसरू आपल्या कौलारू छपराचे कवेलू फेरायला होता. पाच माणसे देवळात बसली, त्यांनी इसरूवर ठपका ठेवला आणि नुकसानीपोटी ती दोन झाडे आपल्याला दिली. निर्णय पंचांचा होता. मी मागितला नव्हता.

इसरूबद्दल माझ्या मनात आता किल्मिष नाही. केंद्रात असताना आम्हा सर्वांना एक यादी करायला सांगितली होती: आपण कोणाकोणाला दुखावले, आणि कोणाकोणाला क्षमा करायची. मी तेवीस जणांच्या दारी जाऊन हात जोडले. त्यात तू पहिली होतीस. इसरूला मी क्षमेच्या यादीत घातले होते. क्षमा हा दुबळ्याचा नव्हे, समर्थाचा धर्म आहे.

तुझे शिक्षण माझ्यामुळे सुटले, हे शल्य मात्र कोणत्याही यादीत मावणारे नाही. फी गेली तरी दुसरीकडून उभी करता आली असती. ती मी उभी केली नाही. ते पाप माझेच.

सनद लवकर पाठव. सक्करदऱ्याच्या एका गुरुजींकडून अभ्यासक्रमाची पुस्तके मिळण्याचा योग आहे.

तुझा,
वामन निकुरे


वडसा
१६ जून २०२४

बाबा,

महिनाभर उत्तर दिलं नाही. तुमचं पत्र मशीनखाली ठेवलं होतं. इसरूले तुमी माफ केलं, हे वाक्य वाचलं अन् मले पुढं वाचता आलं नाही. रोज पायडल मारताना पायाले लागे ते.

आता मी सांगते ते वाचा.

ती सहा पोती मी बांधली होती. सुतळी पुरली नाही म्हणून आईच्या फाटक्या हिरव्या लुगड्याचा काठ फाडून तोंडं आवळली होती. पोती गेली त्याच्या चौथ्या दिवशी मी शेण आणाले नाल्याकडं गेली. दारूच्या भट्टीवाल्याच्या आवारात एक बकरी बांधून होती. तिच्या गळ्यात आईच्या लुगड्याचा काठ होता. मागं तीन मडक्यांत मोह भिजत घातला होता. भट्टीवाला मले पाहून म्हणाला, "महाराजाले सांग बाई, खातं अजून आठ दिवस पुरते."

म्हणजे मी जे फूल पहाटे उठून वेचलं, त्याचीच तुमी प्यायले.

मी घरी आली. आईले सांगितलं. आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली, "श्रावणात ते पोथीले बसतीन. तू बोलली त आपल्याले गावात पाणी कोण देईन?" दुसऱ्या दिवशी पंच बसले. मी आईच्या बाजूले उभी होती. एकोणीस वर्षांची. इसरूकाका खाली मान घालून उकिडवे बसले होते. मी बोलली नाही.

मंग त्यायची झाडं गेली. ते लांबच्या जंगलात जाऊ लागले. तिसऱ्या वर्षी त्यायच्या घरच्या बायनाकाकूले पहाटे मोहाखाली अस्वलानं धरलं. तुमाले माहीत आहे. एक डोळा अन् अर्धा गाल. देवळामागच्या झाडाखाली अस्वल कवाच येत नाही, तिथी गावाचे कुत्रे राहतात.

मागच्या साली मूलच्या बाजारात त्या दिसल्या. पदर अर्ध्या तोंडावर. मले म्हणाल्या, "साधना ना? शिकून मोठी झाली असन." मी हो म्हटलं. तेही खोटं बोलली.

तुमी बावीस वर्षं समजता की मले माहीत नाही. मी बावीस वर्षं तुमाले समजू दिलं.

सनद सोबत पाठवून राह्यली आहे. मनात होतं, अडवून धरावं. पण अडवणारी मी कोण? तुमच्या चोरीत माझ्या गप्प बसायचा वाटा आहे. शिकायचं त शिका.

साधना


॥ श्री ॥

नवेटोला
३ जुलै २०२४

चि. सौ. साधनास,

आशीर्वाद लिहिण्याचा अधिकार आज वाटत नाही, म्हणून लिहिला नाही.

सनद मिळाली. तुझ्या पत्रासह पोथीच्या चौरंगावर ठेवली. दोन दिवस त्या चौरंगाकडे पाठ करून बसलो. तुला ठाऊक नव्हते, या एका समजुतीवर मी माझी नऊ वर्षांची शुद्धी उभी केली होती.

आता सगळे लिहितो. तू आणि तुझी आई सकाळी तेंदूपत्ता तोडायला जंगलात जात होता. तेवढ्या वेळात मी एकेक पोते पाठीवर घेऊन मागच्या दाराने नेले. चार दिवसांत सहाही पोती. पहिले नेताना 'एवढे एकच' असे म्हणालो होतो. पंचांनी मला विचारले तेव्हा मी म्हणालो, "मी कोणाला नेताना पाहिले नाही. मात्र त्या आठवड्यात इसरूखेरीज परके कोणी घरात आले नव्हते." या वाक्यात एकही शब्द खोटा नाही, साधना. इतकी वर्षे ग्रंथ चाळले, शब्द तोलायला शिकलो, आणि त्या विद्येचा पुरता उपयोग मी आयुष्यात त्या एका वाक्यापुरता केला. त्या वेळी मी प्यायलेलो नव्हतो. हे मुद्दाम सांगतो. कारण बाकी सगळ्या अपराधांपुढे मी दारूला उभे करतो, याच्यापुढे तिला उभे करता येत नाही.

शास्त्रकारांनी पापातून सुटण्याची वाट सांगितली आहे. आधी ख्यापन, म्हणजे केलेले पाप लोकांत उघड सांगणे. मग अनुताप, मग तप, आणि त्यानंतर अध्ययन. हा क्रम मला मुखोद्गत आहे. श्रावणात दरवर्षी सांगतो. मी पहिली पायरी गाळून थेट चौथीवर जाऊन बसलो होतो.

परवा इसरूकडे गेलो. तो ओट्यावर बांबूच्या कामट्या काढत होता. मला पाहून उठला, पोते अंथरले. मी उभ्यानेच सगळे सांगितले. तो कामट्या काढतच राहिला. मग म्हणाला,

"महाराज, मले मालूम होतं."

"कोणी सांगितले?"

"सांगाले कायले पायजे? मी तुमच्या छपरावर होतो. कवेलू काढले का खालचं सारं सप्पा दिसते. तुमी पोतं घेऊन जात, परत येत, चूळ भरत. चारी दिवस पाह्यलं."

मी विचारले, "मग पंचांपुढे बोलला का नाहीस?"

त्याने चाकू खाली ठेवला. "तुमची पोरगी समोर उभी होती ना. तिच्यापुढं तिच्या बापाले चोर म्हनू? मी म्हटलं, महाराज शिकले-सवरले आहेत, तेच सांगतीन. आज नाई त उद्या. मंग वाट पाह्यली. मंग बायनाले अस्वल लागलं. त्याच्यानंतर कायले सांगाचं?"

बायनाबाई आत भात निवडत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "अस्वलाले काय मालूम, झाड कोनाचं सुटलं अन् कोनाले भेटलं."

मी पायांवर डोके ठेवायला वाकलो, तर इसरूने पाय मागे घेतले. "मले नोका सांगू, महाराज. मले मालूम हाये. ज्यायले मालूम नाई त्यायले सांगा."

मी तिथून निघालो. तो तुझ्यासाठी गप्प बसला, तू माझ्यासाठी, तुझी आई घरासाठी. मी कोणासाठी गप्प बसलो, याचे उत्तर देण्याची सोयही मला उरलेली नाही.

अर्ज कोराच आहे. श्रावण शुद्ध प्रतिपदेला गाव पोथीला बसेल. त्या वेळी, पहिली ओवी वाचण्याआधी सांगणार आहे.

वामन निकुरे


वडसा
१४ जुलै २०२४

बाबा, नमस्कार.

काका माझ्यासाठी गप्प बसले, हे वाचून मी बाथरूममधी जाऊन बसली. हे विचारत होते काय झालं, मी म्हटलं डोळ्यात दोरा गेला.

मले भीतीबी वाटून राह्यली आहे. तुमी सांगान त पोथी जाईन. सव्वीस वर्षांची बैठक जाईन. आजारी पडले त पाणी देणारं कोणी राहणार नाही, आई म्हणे तेच होईन. तरी मी नका सांगू असं म्हणत नाही. एकदा म्हटलं होतं न बोलून.

मी येते. आपण दोघं गप्प बसलो, दोघं सांगू. प्रतिपदेच्या आदल्या दिवशी बसनं निघते.

अन् अर्ज भरा. चौथी पायरी खोटी असते काय? पहिली राह्यली, ती चढा. चौथी तोडून कायले टाकता? फी मी भरते. शिवणाची आगाऊ रक्कम मंडळानं दिली आहे. मोहाच्या पैशानं भरू नका. ती फुलं तुमची नाहीत, ज्यायची आहेत त्यायच्या घरी टाकून या.

मले शिकता आलं नाही म्हणून मी तुमची फी भरून राह्यली, असं काही पुण्याचं समजू नका. मले राग आहे. राग ठेवूनच भरते.

साधना


॥ श्री ॥

नवेटोला
९ ऑगस्ट २०२४

चि. सौ. साधनास आशीर्वाद.

वैनगंगेला पूर आला, पूल बंद झाला, तुझी बस ब्रह्मपुरीला पोचण्याआधीच थांबली, हे सरपंचबाईंच्या फोनवरून कळले. तू परत फिरलीस ते बरे झाले. तू असतीस तर मी तुझ्याकडे पाहून बोललो असतो.

आधी फुलांचे सांगतो. सगळी पोती बंडीत घालून इसरूकडे नेली. बायनाबाईंनी एका पोत्यात हात घालून तळाची मूठ काढली, वास घेतला. म्हणाल्या, "ओली भरली तुमी. खालची सडली." मी म्हटले, "चुकलो." त्या म्हणाल्या, "ते त आहेच," आणि पोती आत घेतली.

प्रतिपदेला देऊळ भरले होते. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. इसरू नेहमीप्रमाणे बाहेर पागोळ्यांखाली उभा होता. बावीस वर्षे तो आत आलेला नाही. मी पोथी उघडली नाही. तिच्यावर हात ठेवून सांगितले. पोती, मागचे दार, भट्टी, पंचांपुढचे माझे वाक्य, जसेच्या तसे. तुझे आणि तुझ्या आईचे नाव घेतले नाही. मला वाटले होते लोक चिडतील, उठून जातील. तसे काही झाले नाही. सगळे माझ्याकडे दयेने पाहू लागले. मला त्याचा अर्थ लागेना.

मग हेमराज उठला. त्याला मी लहानपणी पाढे शिकवले आहेत. अगदी मायेने म्हणाला, "महाराज, नऊ वर्षं झाली सोडून. आज कायले घेतली?"

मागून कोणीतरी म्हणाले, "घरी पोचवा त्यायले. पोथी उद्या वाचू."

साधना, मी आयुष्यात शेकडो वेळा दारू पिऊन खरे बोलतो आहे असे भासवले. त्या दिवशी शुद्धीत खरे बोललो, तर गावाला मी प्यायलेलो वाटलो. हेमराजने माझ्या तोंडाजवळ नाक आणले. दुसऱ्यानेही आणले. सगळ्या गावापुढे मी तोंड उघडून बसलो होतो. हेमराज म्हणाला, "वास त येत नाई," तरी कोणाचा विश्वास बसेना. एका म्हाताऱ्याने सुचवले की डोक्यावर परिणाम झाला असावा.

तेव्हा बाहेरून इसरूचा आवाज आला. "प्यायले नाई ते. प्यायले रायते त सांगतलं नसतं."

तो एवढेच बोलला. मग लोकांनी एकेक करून माझ्याकडची नजर काढली आणि बाहेर इसरूकडे वळवली. ती पाच पंच माणसे आता या जगात नाहीत. पण त्यांची मुले तिथे बसली होती. सरपंचबाई म्हणाल्या, "झाडं ज्यायची त्यायले. आजपासून." कोणी विरोध केला नाही. कोणी इसरूची माफीही मागितली नाही. हेमराज एकदा म्हणाला, "काका, आत या." इसरू म्हणाला, "पाय चिखलाचे हायेत," आणि निघून गेला.

पोथी आता हेमराज वाचतो. अडखळतो, पण वाचतो. मी पागोळ्यांखाली बसून ऐकतो. मला आत बोलावलेले नाही आणि मी गेलेलो नाही. शेजारच्या घरून येणारी ताकाची वाटी बंद झाली आहे. तुझ्या आईचा अंदाज अगदी चुकला नव्हता.

अर्जाची मुदत विलंबशुल्कासह ऑगस्टअखेरपर्यंत वाढली आहे. मी निर्णय करू शकत नाही. ख्यापन झाले, पण त्याने काही हलके झाले नाही. उलट, आता ते सर्वांनी उचलून परत माझ्या डोक्यावर ठेवल्यासारखे वाटते.

तुझा,
वामन निकुरे


वडसा
२० ऑगस्ट २०२४

बाबा,

निर्णय तुमी करू शकत नाही म्हणता, म्हणून मीच केला. दिव्यानीनं मोबाईलवर अर्ज भरला, सनद पाठवाच्या आधी काढून ठेवलेला तिचा फोटो जोडला. फी भरली. पावती सोबत आहे. आता तुमी नापास व्हा का पास व्हा.

दिव्यानीनं विचारलं, "आबाजीचा व्यवसाय काय लिहू?" मी म्हटलं, पोथी वाचत, आता आयकतात. तिनं 'निवृत्त' लिहिलं.

ताकाचं वाईट वाटून घेऊ नका. दही तुमाले तसंही बाधते.

संक्रांतीले मी येते. तुमच्याकडं नाही. पहिले बायनाकाकूकडं जाईन, मंग तुमच्याकडं.

साधना


॥ श्री ॥

नवेटोला
२८ मार्च २०२५

चि. सौ. साधनास अनेक आशीर्वाद.

पहिल्या सत्राचा निकाल आला. चार विषयांपैकी तिनांत उत्तीर्ण, भाषाशास्त्रात अनुत्तीर्ण. परीक्षा केंद्रावर माझ्या पुढच्या बाकावरच्या मुलीने मला परीक्षक समजून नमस्कार केला आणि पेपर सोपा काढला असेल अशी आशा व्यक्त केली. राहिलेला विषय पुन्हा देईन. त्याची फी मी भरीन. मूल गावी दोन मुलांना संस्कृत शिकवायला जातो, त्यातून.

संक्रांतीला तू बायनाबाईंकडे दुपारभर होतीस. काय बोललात ते मी विचारले नाही, आताही विचारत नाही. तू माझ्याकडे आलीस तेव्हा तुझे डोळे सुजले होते आणि पदरात त्यांनी बांधून दिलेले लाखोळीच्या डाळीचे वडे होते, एवढे मी पाहिले.

आता या पत्राचे कारण. झाडे सरपंचबाईंनी परत दिली खरी. पण ती घ्यायला कोणी आले नाही. फाल्गुन लागला, फुले गळू लागली, तरी इसरू आणि बायनाबाई पहाटे टोपल्या घेऊन लांबच्या जंगलातच जात राहिले. त्या म्हणाल्याचे कानावर आले, "वीस वर्षं दुसऱ्यानं वेचलं त्याच्याखाली. आता तिथी हात जात नाई." मी समजावायला गेलो नाही. मला जे मोडता आले ते मोडले होते. जोडायला सांगण्याचा अधिकार माझा नव्हता.

दुसरे काही सुचेना म्हणून रोज पहाटे खराटा घेऊन देवळामागे जाऊ लागलो. फुले पडण्यापूर्वी झाडाखालचा पाचोळा काढून जागा लख्ख करायची, जशी वेचणारे करतात. फुलाला हात लावायचा नाही. झाडून घरी यायचे आणि पुस्तक उघडायचे. दिवसा परत जाऊन पाहायचो. सगळी फुले तशीच पडलेली, वरून गाई फिरलेल्या. बारा दिवस असेच गेले. हेमराजने एकदा विचारले, "महाराज, कोनासाठी झाडून राह्यले?" मी पाचोळा ओढत राहिलो. तो दुसऱ्या दिवशी स्वतःच्या गाई बांधून ठेवू लागला.

आज नेहमीच्या वेळी खराटा घेऊन गेलो. जागा आधीच झाडलेली होती. उन्हे आल्यावर परत जाऊन पाहिले, तर दोन्ही झाडांखाली एकही फूल नव्हते. वर फांद्या रिकाम्या झालेल्या नाहीत, म्हणजे फुले गळली होती आणि कोणी वेचून नेली होती. ओल्या मातीवर टोपलीच्या बुडाचे दोन गोल ठसे होते, एक मोठा, एक लहान. मी त्यांवर पाय न देता परत आलो.

या पत्राचे अक्षर कापरे आले आहे, हे मला दिसते आहे. ओळीही उतरल्या आहेत. तू कागद नाकाजवळ नेशीलच. ने.

तुझा,
वामन निकुरे